मेन स्विच बंद करून पाहिला: कानातल्या आवाजासोबत गोव्यात राहण्याची रीत

त्या वर्षी शिगम्यात मी सलग तीन संध्याकाळी ताशा वाजवला. डिचोलीला, मग फोंड्याला, मग म्हापशाला. तिसऱ्या रात्री घरी येऊन आडवा झालो आणि खोलीत रातकिडे किरकिरत असल्याचं लक्षात आलं. म्हटलं, बंद खोलीत इतक्या जवळ रातकिडे कुठून आले? उठून खिडक्या लावल्या. फ्रीजचा प्लग काढला, मग इन्व्हर्टर बंद केला. शेवटी रात्री एक वाजता व्हरांड्यात जाऊन घराचा मेन स्विच खाली ओढला. पंखे थांबले, मिट्ट काळोख झाला आणि ‘ईऽऽऽ’ दुप्पट मोठा झाला. बायको उठून आली. "अहो, काय शोधताय?" "आवाज." ती थोडा वेळ कान देऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कसला?"

त्या ‘कसला’ला आता सात वर्षं झाली. आवाज अजून आहे, हे लिहितानाही आहे. मी हायस्कुलात गणित शिकवतो, डॉक्टर नाही. डॉक्टरांकडून, ऐकण्याची तपासणी करणाऱ्या ऑडिओलॉजिस्टकडून आणि स्वतःच्या चुकांतून जे कळलं, ते कुणीतरी मला पहिल्याच आठवड्यात ज्या क्रमाने सांगायला हवं होतं, त्या क्रमाने इथे मांडतो.

हे नेमकं काय वाजतं

डॉक्टर याला टिनिटस म्हणतात. आपला जुना शब्द कर्णनाद. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग मोजले आहेत, त्यांत हाही येतो. म्हणजे डीजे आणि मोबाइल येण्याच्या पुष्कळ आधीपासून माणसाचे कान वाजताहेत. सांगताना मात्र जो तो आपला शब्द आणतो. कुणाच्या कानात शिट्टी असते, कुणाच्या भुंगा, कुणाच्या कुकर. आमच्या शाळेतल्या एका सरांना समुद्राची गाज ऐकू येते, आणि ते राहतात समुद्रापासून लांब, साखळीला.

आतल्या कानात शंखासारखं वेटोळं असतं. त्यात साधारण १५ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटांचं विजेच्या संदेशांत रूपांतर करण्याचं काम त्यांचं. मोठ्या आवाजाने, वयाने, काही औषधांनी त्या मरतात, आणि माणसात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. त्या पट्टीतला संदेश मेंदूकडे यायचा कमी होतो. मग मेंदू काय करतो? जुन्या ट्रान्झिस्टरवर स्टेशन नीट लागेना की आपण बटण फिरवून आवाज वाढवायचो आणि गाण्याऐवजी खरखरच वाढायची, तसं काहीसं तो करतो, अशी आज बहुतेक शास्त्रज्ञांची समजूत आहे. ती खरखर म्हणजे आपले रातकिडे.

१९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोघांनी ऐकण्याची काहीही तक्रार नसलेल्या ८० माणसांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते विचारलं. ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं. त्या रात्री मेन स्विच ओढून मी माझ्या घराची नेमकी तीच खोली करून टाकली होती.

जगभरच्या प्रौढांत सुमारे १४ टक्के लोकांना कर्णनाद असतो. त्यांतल्या फार थोड्यांना, एकूण प्रौढांच्या दोन टक्क्यांहून किंचित जास्त लोकांना, त्याचा जबर त्रास होतो. बाकीच्यांच्या कानातला आवाज लहान असतो म्हणून त्यांना त्रास नाही, असं समजू नका. यंत्रावर जुळवून पाहिलं तर आवाजाची मोठाई आणि माणसाचा त्रास यांचा मेळ नीटसा बसत नाही. फरक पडतो तो मेंदूने त्या आवाजाला काय समजून दारात उभं केलंय यावर.

हे मला पटलं ते माझ्या मावशीमुळे. तिचं घर सारमानसला, नदीच्या काठी. खनिजाचे बार्ज रात्रभर जायचे, धड्धड् धड्धड्, खिडकीची तावदानं थरथरायची. लहानपणी सुट्टीत तिथे गेलो की पहिल्या दोन रात्री मला झोप नसायची. मावशी घोरत असायची. २०१२ साली खाणी बंद पडल्या, बार्ज थांबले, आणि पहिले काही दिवस मावशीला मध्यरात्री जाग यायला लागली. "आज कसं वाटतं रे, काहीतरी चुकल्यासारखं!" बार्जचा आवाज इतकी वर्षं तिच्या कानांवर पडतच होता. तिच्या मेंदूने त्याला बिनकामाचा ठरवून ओट्यावर बसवून ठेवलं होतं. आपल्याला आपल्या आवाजाचं तेवढंच करायचं आहे. पुढच्या पायऱ्या त्याच्यासाठी.

पहिली पायरी: घाईने डॉक्टर कधी गाठायचा

बहुतेक कर्णनादात घाई नसते. काहींत मात्र एकेक दिवस मोलाचा असतो, आणि ते ओळखता आलं पाहिजे.

एका कानाने अचानक, म्हणजे काही तासांत किंवा दोनतीन दिवसांत, कमी ऐकू यायला लागलं आणि सोबत आवाज सुरू झाला, तर "सर्दीने कान बसलाय" म्हणून घरी थांबू नका. हा आतल्या कानाचा झटका असू शकतो. त्यावर स्टिरॉइडचा उपचार असतो आणि तो जितका लवकर तितका उपयोगी. दोन आठवडे उलटले की त्याचा उपयोग बराच कमी होतो. आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान याच एका गैरसमजाने होत असावं. कान बसला म्हणून लोक वाफ घेत राहतात आणि मुदत निघून जाते.

आवाज धड्-धड् असा ठोक्यात येत असेल तर मनगटावर बोट ठेवून नाडी बघा. आवाज आणि नाडी एका तालात असतील तर तो वेगळा प्रकार. त्यात रक्तवाहिन्या, रक्तदाब, रक्तक्षय, थायरॉइड असं बरंच तपासावं लागतं.

आवाज एकाच कानात असेल आणि टिकून राहिला, तर तपासणी हवीच. श्रवणाच्या नसेवर क्वचित साधी, कर्करोग नसलेली गाठ असते. ती नाही हे पाहायला एमआरआय सांगतात. एमआरआय सांगितला म्हणून अर्धमेलं होऊ नका, बहुतेकांचा स्वच्छ येतो. गरगरणं आणि उलट्या, कानातून पू किंवा रक्त, डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेला आवाज, या गोष्टींतही थांबू नये. तोंड एका बाजूला वाकडं झालं तर त्याच तासाला इस्पितळात जा.

आणि आवाजाने जीव नकोसा झाला असेल, तर तीही तातडीची बाब धरा. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी असलेला टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, आणि पलीकडच्या माणसाशी मराठीत बोलता येतं.

दुसरी पायरी: कान तपासून घेणं

जाण्याआधी वहीच्या एका पानावर चार गोष्टी लिहा: कधी सुरू झाला, कुठल्या कानात, आवाज कसा आहे, आणि तुम्ही कुठल्या गोळ्या घेता. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. जास्त मात्रेतली अॅस्पिरिन, मलेरियावरची क्विनिनसारखी औषधं, क्षयरोगात दिलेली स्ट्रेप्टोमायसिन किंवा अॅमिकासिनची इंजेक्शनं, काही केमोथेरपी, लघवी साफ होण्याची काही औषधं, यांनी कान वाजू शकतो. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका. कान वाजतो म्हणून हृदयाची गोळी सोडणारा माणूस मी पाहिलाय.

आता तेलाबद्दल. आपल्या प्रत्येक घरात एक आजी असते आणि तिच्याकडे लसूण घालून कोमट केलेलं खोबरेल असतं. पडद्याला भोक असेल तर ते तेल आत जाऊन बसतं. शिवाय आपल्या दमट हवेत, पावसाच्या चार महिन्यांत, कानात बुरशी होणं अगदी नेहमीचं. ओलसर तेलकट कान म्हणजे तिला आयतं शेत. कान आधी कुणीतरी दिव्याने बघू दे, मग आजीचं ऐका. कापसाच्या काड्या, हेअरपिना, स्कूटरची चावी यांनी कान साफ होत नाही, मळ आत ढकलला जातो. नुसत्या मळाच्या बोळ्यानेही कान वाजतो, आणि तो काढला की कधीकधी आवाज जागच्या जागी थांबतो. तुमचं नशीब तसं असेल तर हा लेख इथेच सोडून द्यायला हरकत नाही.

कान-नाक-घशाचे डॉक्टर खासगी आहेत, बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजातही हा विभाग आहे. सकाळी लवकर जा, सोबत डबा आणि जुने कागद न्या. डॉक्टरांनी पडदा पाहिला की ऑडिओग्राम सांगतील. बंद खोलीत हेडफोन लावून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे बारीक बारीक सूर ऐकवतात, ऐकू आलं की बटण दाबायचं. इथे हुशारी दाखवायला जाऊ नका. मी दाखवली. कानातल्या शिट्टीलाच सूर समजून दोनदा बटण दाबलं, आणि मग त्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी तुटक तुटक सूर लावून परत सगळं घेतलं.

माझ्या आलेखात ४००० हर्ट्झला खड्डा निघाला. मोठ्या आवाजाने बिघडलेल्या कानाची ती ओळखीची खूण. घरात गप्पा मारताना काही कळत नाही, पण स, श, थ, फ ही अक्षरं निसटतात. मागच्या बाकावरचा मुलगा ‘साठ’ म्हणाला की ‘आठ’ म्हणाला हे मला कळेनासं झालं होतं, आणि मी दोन वर्षं मुलांना "स्पष्ट बोला रे" म्हणून ओरडत होतो.

ऐकणं कमी झालं असेल तर कानाच्या मशीनचा विचार लाज न बाळगता करा. बाहेरचे बारीक आवाज परत आत यायला लागले की मेंदूला खरखर ताणायची गरज कमी पडते, आणि अनेकांचा कर्णनाद मशीन घातल्यावर मागे सरकतो. चष्म्याला कुणी म्हातारपण म्हणत नाही, मशीनलाच का म्हणतात ते मला कळलेलं नाही.

तिसरी पायरी: पैसे कुठे घालवू नयेत

मी घालवले. पहिल्या सहा महिन्यांत एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात गेलो आणि औषधांची पिशवी भरून आणली. जिंको या झाडाच्या अर्काच्या गोळ्या, झिंक, ‘नसांचे टॉनिक’, चक्कर येत नसताना चक्करेच्या गोळ्या.

अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली सूचना काढल्या. त्यांत जिंको, मेलाटोनिन, झिंक आणि इतर पूरक गोळ्या त्रासदायक कर्णनादासाठी सुचवू नयेत असं म्हटलंय. निव्वळ कर्णनादावर बीटाहिस्टीन ही चक्करेची गोळी देऊ नये, असं ब्रिटनच्या २०२० च्या सूचना सांगतात. तुम्हाला गरगरण्याचा आजार असेल आणि त्यासाठी ती गोळी दिली असेल तर गोष्ट वेगळी. तपासणीत बी-१२ कमी निघालं तर बी-१२ घ्या, ते त्या कमतरतेसाठी. कर्णनाद मुळापासून घालवणारी गोळी आज जगात कुठेही मंजूर झालेली नाही. "पंधरा दिवसांत आवाज बंद" असं ज्या जाहिरातीत असेल ती घडी करून बाजूला ठेवा. कानात मेणबत्ती लावण्याचा प्रकारही त्यातलाच, त्याने भाजलेले कान आहेत.

चौथी पायरी: शांततेला सोबत देणं

सगळ्यात जास्त फरक मला या पायरीने पडला, म्हणून इथे जरा बसून बोलतो.

काळोख्या खोलीत एक काडी पेटवली तर डोळा तिच्यावरच जातो. खोलीत दिवा असेल तर तीच काडी कुणी बघत नाही. कानाचंही तसंच. आवाज घालवायला शांतता शोधत गेलात तर काडी पेटवायला काळोख शोधल्यासारखं होईल. खोलीत मंद, एकसारखा, कंटाळवाणा आवाज ठेवा.

किती मोठा ठेवायचा यात लोक चुकतात. कानातला आवाज पूर्ण बुडेल इतका मोठा लावला तर त्या वेळेपुरतं बरं वाटतं, पण मेंदूला सवय व्हायला तो आवाज थोडा ऐकू यावा लागतो. मावशीला सवय झाली ती बार्ज ऐकू येत असताना. म्हणून बाहेरचा आवाज कानातल्या आवाजापेक्षा किंचित खाली ठेवा, दोन्ही एकमेकांत मिसळल्यासारखे वाटतील असा. पहिल्या रात्री फोनचं बटण वरखाली करत पाच मिनिटं घालवा, तुमची जागा सापडते.

कुठला आवाज? घरातला छताचा पंखा सगळ्यात स्वस्त, त्याची बारीक कुरकुर असेल तर उत्तमच. दुरुस्त करू नका. पावसाळ्यात आपल्याला काही विकत घ्यावं लागत नाही. कौलांवरचा पाऊस, पागोळ्या, खाचरातले बेडूक, ही सगळी फुकटची औषधं आहेत. माझं वर्षातलं सगळ्यात चांगलं झोपणं जून ते सप्टेंबरमधलं असतं. पत्र्यावरचा पाऊस मला चालत नाही, फार ताडताड होतो. उरलेल्या आठ महिन्यांसाठी मी आमच्याच पडवीत बसून जुलैच्या एका रात्री पाऊण तास पाऊस फोनवर भरून ठेवला. तयार अॅपही पुष्कळ आहेत. जुना ट्रान्झिस्टर असेल तर दोन स्टेशनांच्या मधल्या जागेवर ठेवा, ती खरखर एकदम छान बसते. पावसात वीज जाते आणि पंखा थांबतो, नेमका मेन स्विचवाला क्षण परत येतो. म्हणून बॅटरीवर चालणारा एक लहान स्पीकर उशापाशी चार्ज करून ठेवा.

गाणी, कीर्तन, नाट्यगीतं रात्रीसाठी नकोत. शब्द आले की मन त्यांच्या मागे जातं. मी एकदा अभंग लावून झोपलो आणि रात्री दोन वाजता गवयाने समेला कुठे घोटाळा केला त्याचा विचार करत बसलो होतो.

आपल्या राज्याची एक खास अडचण आहे: दुपार. एक वाजता दुकानं बंद होतात, रस्ते सुने पडतात, घरात सगळे आडवे होतात, आणि त्या दोनतीन तासांची शांतता रात्रीपेक्षा वाईट असते, कारण अंग दमलेलंही नसतं. रात्रीची तयारी सगळे करतात, दुपारची कुणी करत नाही. माझ्याकडे पंखा आणि स्वयंपाकघरातला रेडिओ, दोन्ही तेव्हा हळू चालू असतात. सुट्टीच्या दिवशी मी सरळ उठून बागेला पाणी घालतो.

पाचवी पायरी: झोप

झोप गेली की आवाज मोठा वाटतो, आवाज मोठा वाटला की झोप जाते. हे चाक कुठेतरी अडवावं लागतं. रोज उठायची वेळ एकच ठेवा, रविवारीही. अंथरुणात साधारण वीस मिनिटं तळमळलात तर उठून दुसऱ्या खोलीत जा, मंद दिव्यात काहीतरी नीरस करा आणि डोळे जड झाले की परत या. मी दहावीच्या जुन्या प्रश्नपत्रिका लावत बसायचो. घड्याळ डोळ्यांसमोर नको.

फेणीबद्दल मला नेहमी विचारतात. एप्रिल-मेमध्ये काजूची पहिल्या धारेची दारू, उर्राक, उतरते तेव्हा तर जास्तच. प्यायल्यावर झोप लवकर लागते हे खरं, पण ती मध्यरात्रीनंतर तुटते, आणि तुटल्यावर समोर कोण बसलेला असतो ते तुम्हाला माहीत आहे. रोज झोपेचं औषध म्हणून घेऊ नका. चहा-कॉफीने कर्णनाद वाढतो असा पुरावा ठोस नाही. एकदम सोडल्यास डोकं मात्र दुखतं. संध्याकाळनंतरचा कप तेवढा टाळा, झोपेसाठी.

सहावी पायरी: मनाचा भाग, आणि बांबोळीची भीती

कर्णनादाचा त्रास कमी करण्यासाठी ज्याला सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो उपाय बोलण्याचा आहे. विचार आणि वागणं यांवर काम करणारी ही उपचारपद्धत; डॉक्टर तिला सीबीटी म्हणतात. तिने आवाजाची मोठाई बदलत नाही, जाच कमी होतो. मानसोपचार सुचवला की आपल्याकडे घरचे विचारतात, "म्हणजे आवाज मनाचा खेळ आहे असं म्हणताहेत का?" तसं कुणी म्हणत नाही. आणि बांबोळीच्या मनोविकार संस्थेचं नाव काढलं की गावात कुजबुज सुरू होते, तेही मला ठाऊक आहे. मी गेलो. बाहेर बाकावर आमच्याच गावचे दोघे भेटले, आणि तिघांनीही एकमेकांना पाहिलंच नाही असं केलं.

घरी करता येण्यासारखा त्यातला एक तुकडा सांगतो. वहीत तीन रकाने. पहिल्यात काय घडलं: "रात्री अकरा, आवाज वाढला." दुसऱ्यात मनात काय आलं: "आता हा असाच वाढत जाणार, मी बहिरा होणार, नोकरी जाणार." तिसऱ्यात त्या विचाराला गणिताच्या मास्तरासारखा प्रश्न: सिद्ध करा. मागच्या वेळी वाढला होता तेव्हा काय झालं? दोन दिवसांनी उतरला. ऐकणं कमी झालं? आलेख तसाच आहे. महिनाभर लिहिल्यावर मला दिसलं की माझा दुसरा रकाना रोज जवळजवळ शब्दशः सारखाच असतो. तीच भीती रोज नव्याने घाबरवत होती.

त्रास मोजायला २५ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, गुण शून्य ते शंभर. तुमच्या ऑडिओलॉजिस्टकडे मागा. सुरुवातीला माझे ६२ होते, दीड वर्षाने २४. आवाज यंत्रावर जुळवला तर होता तेवढाच. गुण तीन महिन्यांतून एकदा काढा, आवाज मात्र मोजत बसू नका. "आज किती आहे?" असं दर तासाला कान देऊन बघणं म्हणजे मेंदूला सांगणं की हा पाहुणा महत्त्वाचा आहे, याच्यासाठी पाट मांडा.

जबडा आणि मान, थोडक्यात

दात घट्ट आवळले, जबडा पुढे काढला, मान वळवली की आवाज बदलतो का बघा. बदलत असेल तर त्यात मानेच्या स्नायूंचा किंवा जबड्याच्या सांध्याचा वाटा असू शकतो. दातांचे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांना दाखवा. रात्री दात खाणाऱ्यांना याचा चांगला उपयोग होतो.

सातवी पायरी: ढोल-ताशे सोडायचे का

मला सोडवले नाहीत, आणि सोडा असं मी सांगणारही नाही. पण हिशोब समजून घ्या. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तासांपर्यंत राहणं ही कामगारांसाठी धरलेली मर्यादा. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. रोमटामेळातल्या, म्हणजे शिगम्याच्या मिरवणुकीतल्या ताशाजवळ उभं राहिलात तर शंभराच्या आसपास किंवा वर सहज जातं. मिरवणूक चालते तीन-चार तास. मी तीन संध्याकाळी वाजवला होता. गणिताचा मास्तर असून हे गणित मी केलं नव्हतं.

फोमचे कानातले बोळे कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतात. ते घालायची रीत आहे. बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने डोक्यामागून कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा, आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. नुसते कानाच्या तोंडाशी चिकटवले तर शोभेचे. वाजवणाऱ्यांनी वादकांचे बोळे घ्यावेत, त्यांतून सूर फार न बिघडता आवाज उतरतो. माझ्या पथकातली पोरं पहिल्या वर्षी हसली. आता चौघे घालतात.

घुमट या मातीच्या वाद्याचा मला त्रास होत नाही, गणपतीत आरतीला बिनधास्त बसतो. खोलीत शामेळ हा ढोल आणि कासाळे या मोठ्या झांजा यांची जोडी रंगात आली की मात्र दाराकडे सरकतो. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. सगळ्यात वाईट दिवाळीची आदली रात्र: नरकासुराच्या पुतळ्याच्या बाजूला रचलेल्या स्पीकरच्या भिंती, आणि त्यांच्यासमोर नाचणारी आठ-दहा वर्षांची मुलं. उघड्यावरचे भोंगे रात्री दहानंतर बंद हवेत असा कायदा आहे. तो त्या रात्री कुठे असतो, देव जाणे. निदान आपल्या घरच्या मुलांना स्पीकरपासून लांब उभं करा.

उलट चूकही करू नका. मी घाबरून सुरुवातीला दिवसभर बोळे घालून फिरायचो, वर्गातही, बाजारातही. त्याने कान जास्त हळवे होतात आणि आतला आवाज जास्त ठळक वाटतो. बोळे मिरवणुकीला, ग्राइंडरला, वेल्डिंगच्या शेडमध्ये. पाव विकणाऱ्या पोदेराच्या भोंग्याला नकोत.

घरच्यांसाठी

"लक्ष देऊ नका" हे सांगू नका. ते त्याला तुमच्या आधी सुचलेलं असतं. "आज कसा आहे आवाज?" असंही रोज विचारू नका. जेवताना त्याच्या चांगल्या कानाकडे बसा, टीव्ही बंद करून बोला, दुसऱ्या खोलीतून हाका मारू नका. रात्रीच्या पावसाच्या आवाजावरून भांडण झालं तर उशीत ठेवायचा चपटा स्पीकर मिळतो. आमचं लग्न त्याने वाचवलं असं बायको चारचौघांत सांगते.

चढाचे दिवस

बरं चाललेलं असताना एखाद्या दिवशी आवाज एकदम चढतो. ताप, सर्दी, जागरण, पेपर तपासणीचा आठवडा, कधी काहीच कारण नसतं. माझ्या अनुभवात चढ दोन-चार दिवसांत ओसरतो. त्या दिवसांत डोकं चालत नाही, म्हणून काय करायचं ते आधीच लिहून ठेवावं. माझं एक कार्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. त्यावर लिहिलंय: ऐकू कमी येतंय का, गरगरतंय का, एकाच कानात आहे का? हो असेल तर डॉक्टर. नाही तर पाऊस लाव. इंटरनेट उघडू नको. संध्याकाळी मये तळ्यापर्यंत चालून ये. गोळी बदलू नको. सोमवारची रजा टाकू नको.

खाली बायकोने तिच्या अक्षरात एक ओळ घातली आहे: मेन स्विचला हात लावायचा नाही.